ओर्तिगाच्या मास्तरचं नाव

आदेल्मो विन्योलो फुटबॉलचा चांगला मास्तर होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याच्याबद्दल गावोगाव जे काही ऐकायला मिळतं त्यात एवढी एक गोष्ट कुणी सांगत नाही.

अर्जेंटिनाच्या सान्ता फे प्रांतातल्या दुधाच्या पट्ट्यात ओर्तिगा नावाचं साडेचार हजार वस्तीचं गाव आहे. आदेल्मो तिथलाच. बाप चीजच्या कारखान्यात होता, त्यामुळे हाही पंधराव्या वर्षी रबरी बूट घालून तिथेच उभा राहिला. एकोणिसाव्या वर्षी तो अत्लेतिको ओर्तिगा या गावच्या क्लबाच्या बचावफळीत आला. पायांत वेग नव्हता, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला. दुसरा कुणी असता तर क्लबाच्या बारमध्ये बसून जन्मभर जुने गोल सांगत राहिला असता. आदेल्मो रोसारिओला जाऊन मास्तरकी शिकून आला.

खालच्या लीगचा मास्तर म्हणजे काय चीज असते हे टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्याला कळायचं नाही. मैदानावर चुन्याच्या रेघा स्वतः ओढायच्या. बारा तास बसमध्ये गुडघे पोटाशी घेऊन जायचं, तिथे नळाला पाणी नाही म्हणून घामट अंगानं बारा तास परत यायचं. अध्यक्षाचा जावई सेंटर फॉरवर्ड म्हणून गळ्यात पडला तर त्याला खेळवायचं, आणि त्यानं माती खाल्ली की खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायचं. आदेल्मोनं हे सगळं तीस वर्षं केलं, तक्रार न करता. त्याच्या हाताखालची पोरं उभं कुठे राहायचं ते शिकली. कॉर्नर घ्यावा तर त्याच्या संघानं, असं शत्रूही म्हणायचे.

पण त्याला एकही फायनल जिंकता आली नाही.

पहिली १९९१ ची, पाल्मार चिकोच्या क्लबाबरोबर. पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत दोन-शून्य पुढे, आणि उरलेल्या पाच मिनिटांत तीन गोल खाऊन घरी. होतं असं. दुसरी १९९६ ची, दुसऱ्या क्लबाबरोबर. बरोबरी झाली, पेनल्टी आल्या, आणि त्याच्या चार खेळाडूंनी चारही चेंडू वाया घालवले. एकानं तर असा मारला की तो मैदानाबाहेरच्या सोयाबीनमधून दुसऱ्या दिवशी सापडला. तिसरी २००१ ची. एक-शून्य पुढे, तास उलटलेला, आणि अचानक लिंबाएवढ्या गारा. रेफ्रीनं सामना थांबवला. बुधवारी पुन्हा खेळवला, तेव्हा आदेल्मोचा संघ चार-शून्यनं झोपला.

त्या गारांमध्ये रेडिओवाला चेलो बारागान टेबलाखाली माइक घेऊन बसला होता. वेळ मारून न्यायला काहीतरी बोलायला हवंच होतं. तो बोलला, "मायबाप श्रोतेहो, आभाळ फाटलंय, आणि पाल्मारच्या वेळेला, त्या पेनल्टींच्या वेळेला बाकड्यावर जो बसला होता ना, तोच आजही बसलाय. मी नाव घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. घेतलंच तर डावीकडे हात ठेवा!"

झालं. सोमवारपर्यंत प्रांतभर झालं.

आमच्याकडे ज्याच्या नुसत्या नावानं नाट लागते अशा माणसाला मुफा म्हणतात. मुफाचं नाव कानावर पडलं की पुरुषानं खिशात हात घालून डाव्या बाजूचा ऐवज चाचपायचा, बाईनं डाव्या छातीला हात लावायचा, म्हणजे नाट उतरते. हे अडाणी लोक करतात असं कुणी समजू नये. डॉक्टर करतात, न्यायाधीश करतात, एका पाद्रीबाबालाही लोकांनी झग्याच्या आडून करताना पाहिलंय. चोराला लोक माफ करतात, बायको सोडून पळालेल्याला पुढच्या नाताळपर्यंत घरी जेवायला बोलावतात. मुफाला माफी नाही, कारण त्यानं काही केलेलंच नसतं. न केलेल्या गोष्टीची माफी मागायची कशी?

त्यानंतर आदेल्मोला नाव उरलं नाही. वर्तमानपत्रात 'पाहुण्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले' असं छापून यायचं. रेफ्री यादी वाचताना त्याच्या ओळीवर खोकायचे. चांगल्या क्लबांनी फोन घेणं बंद केलं. बोलवायचे ते कोण, तर बुडायला आलेले, तळाला गेलेले, चार मास्तर हाकलून झालेले. दक्षिणेला पातागोनियात वाऱ्यानं गोलपोस्ट हलायच्या अशा गावी तो गेला. उत्तरेला चाकोत, जिथे दुपारी बूट गवताला चिकटायचे, तिथेही गेला. ते क्लब बुडायचे होतेच, बुडाले. आणि प्रत्येक वेळी लोक म्हणाले, बघा, हा गेला तिथे बुडालं.

या सगळ्या काळात त्याची बायको नेलिदा ओर्तिगातच राहिली. ती गावच्या शाळेत शिकवायची. डिसेंबरात तो परत यायचा, आणि ती दारात उभी राहून मुद्दाम गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, "आदेल्मो विन्योलो, चपला बाहेर काढ!" शेजारचा म्हातारा झटकन खिशात हात घालायचा, आणि नेलिदाला मनापासून आनंद व्हायचा. शाळेत मुलांना ती सांगायची की गार कशी तयार होते, ढगात थेंब कसा गोठतो. मुलं ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन बापाचंच ऐकायची.

एकसष्टाव्या वर्षी तो कायमचा घरी आला. त्याच वर्षी अत्लेतिको ओर्तिगाचा मास्तर खतं विकायच्या नोकरीला लागून गेला. क्लबाचा अध्यक्ष ओस्मार झानुत्ती, त्याचं विटा-सिमेंटचं दुकान. तरुणपणी तो आदेल्मोच्या हाताखाली डावीकडून खेळलेला. एका सकाळी तो फाटकाशी आला, पण आत येईना.

"मास्तर, तुम्हाला माहितीये कशासाठी आलोय."

"आत ये. मातेचा चहा ठेवलाय."

"नको, इथेच बरं." तो पाय बदलत उभा राहिला. "दुसरं कुणी मिळत नाहीये. स्पष्टच सांगतो."

"इतकं स्पष्ट नाही सांगितलंस तरी चाललं असतं."

"एक अट आहे. बोर्डावर नाव लावणार नाही. 'प्रशिक्षण समिती' असं लिहू. पोरं घाबरतात हो."

आतून नेलिदा ओरडली, "झानुत्ती, नाव घेतल्यानं तुझ्या विटा फुटत नाहीत रे!" झानुत्तीचा हात खिशात गेलेला तिला खिडकीतून दिसत होता.

आदेल्मोनं होकार दिला. नकार द्यायला हवा होता, असं नेलिदा पुढे अनेकदा म्हणाली. पण हे त्याचं गाव होतं, त्याचं मैदान होतं. बाकी कुठेही हरलेला माणूस मनात म्हणत असतो की घरी असतो तर दाखवलं असतं.

आणि त्यानं दाखवलं. चीजच्या कारखान्यातली, ट्रॅक्टरवरची, पोस्टातली पोरं त्यानं हाताशी धरली. संध्याकाळी पाचला कामावरून आली की दीड तास, रोज. कॉर्नर तर इतक्या वेळा घेतले की पोस्टातला पोरगा म्हणाला, "मास्तर, मला आता स्वप्नातही झेंडा दिसतो." आदेल्मो म्हणाला, "झेंडा नको बघूस, पहिल्या पोस्टकडे पळणारा बघ." ती अकरा सामने हरली नाहीत. सामन्याआधीच्या फोटोत तो स्वतःहून उभा राहायचा नाही. पोरं रांगेत उभी राहिली की तो बुटाची नाडी बांधायला वाकायचा. हळूहळू चार लोक त्याच्या तोंडावर 'मास्तर' म्हणू लागले. बेकरीवाली एकदा चुकून 'विन्योलो' म्हणाली आणि तिनं छातीला हात लावला नाही. घरी येऊन त्यानं हे नेलिदाला दोनदा सांगितलं.

वरच्या लीगमध्ये चढायची फायनल आली. दोन सामने: पहिला परगावी, दुसरा रविवारी ओर्तिगात.

परगावी सामना शून्य-शून्य चालला होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बचावातल्या एका पोरानं चेंडू दूर उडवायला म्हणून लाथ मारली. कप्तान माइदाना नेमका मध्ये उभा. उभं कुठे राहायचं नाही हे त्याला हजारदा सांगितलेलं. चेंडू त्याच्या पाठीवर आपटला आणि उलटा आपल्याच जाळ्यात गेला. एक-शून्य हरले.

पाठ माइदानाची होती. पण परतीच्या बसमध्ये त्या पाठीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटच्या सीटवर कुजबुज चालली होती, आणि आदेल्मो पुढे ड्रायव्हरच्या मागे बसून ऐकत होता. ऐकून न ऐकल्यासारखं करण्याचा त्याला आता अठरा वर्षांचा सराव होता. बुधवारी सरावाला गेला तेव्हा त्याच्या बाकड्याखाली कुणीतरी नाट उतरवायला खडेमीठ टाकून ठेवलेलं. गुरुवारी बाकड्याला व्हिनेगरचा वास येत होता, तोही नाटेवरचाच उतारा.

शुक्रवारी दुपारी झानुत्ती आणि माइदाना दोघं घरी आले. या खेपेला झानुत्ती आत आला. त्यानं टोपी काढली. माइदाना चोवीस-पंचवीसचा धिप्पाड गडी, तो खुर्चीच्या टोकावर असा बसला जणू पार्श्वभाग उधार आणलाय. नेलिदा वह्या तपासत होती, ती उठली नाही.

"मास्तर, तुमचा संघ आहे," झानुत्ती म्हणाला. "कुणी नाही म्हणत नाही. या पोरांना उभं केलंत ते तुम्हीच."

"पुढे बोल."

"रविवारी येऊ नका."

झानुत्तीनं मग भराभरा सगळं ओकून टाकलं. फक्त रविवार. फक्त नव्वद मिनिटं. बाकड्यावर सहायक पोल्दो बसेल, आदेल्मोनं सांगितलेलंच करेल. आणि, हे जरा विचित्र वाटेल, पण रेडिओही लावू नये. टीव्ही तर नकोच. गेल्या फायनलच्या वेळी एका गावात मुफा घरी बसून रेडिओ ऐकत होता, तेवढ्यानंही सामना गेला म्हणे.

"म्हणे," नेलिदा म्हणाली.

"बाई, माझा विश्वास नाही," झानुत्ती छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझा बिलकुल नाही. पण पोरांचा आहे ना!"

"तुझा नाही, पोरांचा आहे. पोरांना विचारलं तर म्हणतील आमचा नाही, अध्यक्षांचा आहे. मग हा विश्वास ठेवतंय तरी कोण? कुत्री?"

आदेल्मोनं कप्तानाकडे पाहिलं. "तू सांग. तुला मी नकोय?"

माइदानाची मान वर होईना. "मास्तर, तुम्ही मला बापासारखे."

"ते नाही विचारलं."

"चेंडू माझ्या पाठीला लागला मास्तर. मी असा उभा होतो. तो तिकडेच जायला हवा होता. कुणी ढकलल्यासारखा वळला." त्याचे डोळे भरले. "माझी आई रोज मेणबत्ती लावतेय. मी त्या पाठीनं खेळणार कसा, तुम्ही बाजूला असताना?"

म्हणजे आपल्या पाठीचं ओझं त्याला कुठेतरी उतरवायचं होतं, आणि खांदा तर समोर तयारच होता. आदेल्मोला हे लख्ख कळलं. त्याला राग आला, खूप आला. आणि त्या रागाच्या मधोमध त्याला एक जुना रस्ता आठवला. तो बावीस वर्षांचा असताना ओर्तिगाच्या संघानं लागोपाठ चार परगावचे सामने गमावले होते. कुणीतरी म्हणालं, मालिशवाला रिच्ची बसमध्ये असला की आपण हरतो. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर संघानं रिच्चीला उतरवलं. त्याची पिशवी खाली नेऊन दिली ती आदेल्मोनं. दिली म्हणजे हसत दिली, आणि बसमध्ये चढून सगळ्यांबरोबर गाणं म्हटलं. पाचवा सामना ते जिंकले. म्हणजे ते खरंच होतं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्यालाही वाटलं. रिच्ची त्या पंपावरून घरी कसा गेला हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मला रात्रभर विचार करू दे," तो म्हणाला.

दोघं गेल्यावर नेलिदानं लाल पेन खाली ठेवलं. "विचार कसला करायचाय म्हाताऱ्या? जायचं आणि बसायचं. संघाच्या कागदावर सही तुझी आहे, तुला कोण उठवतंय बघू."

"उठवणार नाहीत. शेजारी बसणार नाहीत, एवढंच."

"मग एकटा बस! जिंकलात तर सगळ्यांची थोबाडं बंद होतील."

"आणि हरलो तर?"

"आणि नाही गेलास तर?" ती म्हणाली. "नाही गेलास आणि जिंकले, तर कायमचा शिक्का बसला. नाही गेलास आणि हरले, तर म्हणतील घरात श्वास घेत होता. अरे, गेलास तरच तुला एक दार उघडं आहे. एवढं गणित माझ्या तिसरीतल्या पोरांना येतं."

गणित तिचं बरोबर होतं. ते त्यालाही येत होतं. शनिवारी सकाळी तो शेवटच्या सरावाला गेला तो रविवारी जायचंच असं ठरवून. पोरांना मध्ये गोल बसवलं, डाव्या बाजूनं कसं चढायचं ते पुन्हा सांगू लागला. बोलता बोलता त्याचं लक्ष हातांकडे गेलं. अठरापैकी अकरा-बारा जणांचे डावे हात खिशात होते. पोरं त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडातून संकट बाहेर पडेल म्हणून वाट बघत होती. गोलकीपर तर गवताकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

या पोरांना उद्या तो बाकड्यावर दिसला की पहिला चेंडू पायातून निसटायचा, आणि निसटला की तो का निसटला हे त्यांना आधीच माहीत असणार होतं. संघात ज्याच्यामुळे बाकी दहा जण बिचकतात तो खेळाडू कितीही चांगला असो, त्याला वगळावं लागतं. आदेल्मोनं आयुष्यात असे कितीतरी खेळाडू वगळले होते, आणि त्यांची रडगाणी ऐकून घेतली नव्हती.

त्यानं सराव पुरा केला, आणि झानुत्तीच्या दुकानावर गेला.

"मी येत नाही उद्या."

झानुत्तीनं सिमेंटच्या पोत्यांमागून येऊन त्याला मिठी मारली. मिठी मारण्याइतपत धाडस त्याला कुठून आलं कोण जाणे.

"एक गोष्ट हवी," आदेल्मो म्हणाला. "जिंकलात तर शेवटी लाउडस्पीकरवर सगळ्यांची नावं वाचतात. त्यात माझं वाचायचं. 'मास्तर' नाही, 'समिती' नाही. आदेल्मो विन्योलो. गावासमोर, एकदा. तेव्हा तर जिंकून झालेलं असेल. नाट लागायला काही उरलेलंच नसेल."

"मास्तर, एवढंच? आईची शपथ!"

"तुझी आई वारली आहे ओस्मार."

"मग माझ्या मुलींची. वाचणार म्हणजे वाचणार. मी स्वतः कागदावर लिहून देतो."

रविवारी नेलिदानं नेहमीसारखा राव्हिओलीचा पास्ता केला. आदेल्मोला चार घास गेले. तीन वाजता गल्ली रिकामी झाली. शेजारचा म्हाताराही खुर्ची काखेत मारून गेला. मैदान घरापासून सहा चौक. रेडिओ आदेल्मोनं स्वतःच कपाटात ठेवून दिला होता. शब्द म्हणजे शब्द. पण कान काही कपाटात ठेवता येत नव्हते. तो मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसला, आणि नेलिदा कपडे नसतानाही दोरीवरचे चिमटे काढत-लावत राहिली.

ढोल सुरू झाले. तीस वर्षं मैदानावर घालवलेल्याला आवाजावरून सामना दिसतो. ही फ्रीकिक. हा ऑफसाइड, शिव्या चालल्या आहेत. मग एकदा ढोल थांबले, सगळीकडे शांत झालं, आणि आदेल्मो उठून उभा राहिला.

"कॉर्नर आहे," तो म्हणाला. "आपला. पहिल्या पोस्टला." त्याचे ओठ हलत होते. "पळ... आता पळ."

गावातून असा आरडाओरडा उठला की छपरावरचे पारवे उडाले.

"पहिल्या पोस्टला!" तो ओरडला. नेलिदानं त्याला धरलं, दोघं मांडवाखाली गरागरा फिरली. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा एकदा ढोल थांबले. पुन्हा कॉर्नर. पुन्हा तोच कल्लोळ, आधीच्यापेक्षा मोठा. दोन-शून्य. दोन सामने मिळून पुढे. शेवटची वीस मिनिटं आदेल्मो अंगणात येरझाऱ्या घालत पोल्दोला शिव्या देत होता, की मागे ओढ, मागे ओढ, वेळ खा. मग लांबच लांब शिट्टी, चर्चच्या घंटा, फटाके. अग्निशमनाच्या गाडीचा भोंगा वाजला, कारण आमच्याकडे चढलेल्या संघाला त्याच गाडीवरून मिरवतात.

नेलिदा रडत होती. "ऐक आता," ती म्हणाली. "आता वाचतील."

दोघं फाटकाशी जाऊन उभी राहिली. वारा त्याच दिशेचा होता. लाउडस्पीकरवर नेहमी औषधाच्या दुकानाचा बोर्दोनी असतो, घोगरा, स्पष्ट आवाज. त्यानं अकरा जणांची नावं घेतली. माइदानाला सगळ्यात मोठी दाद मिळाली. मग राखीव सात. मग पोल्दो. मालिशवाला. कपडे धुणारी बाई. बसचा ड्रायव्हर, पूर्ण नावासकट. अध्यक्ष ओस्मार आंखेल झानुत्ती. मग बोर्दोनी म्हणाला, "आणि या संघाचे शिल्पकार, आपले मास्तर..."

आदेल्मोनं शर्टाचं वरचं बटण लावलं. का लावलं कोण जाणे.

लाउडस्पीकरवर कागद खुडबुडला. कागदावर नाव लिहिलेलं होतं, झानुत्तीनं तेवढं खरंच केलं होतं. सगळं मैदान गप्प झालं. मग बोर्दोनी खाकरला आणि म्हणाला, "...आपले मास्तर, जे आज घरी राहिले! त्यांनी घरी राहून संघाला जे दिलं ते आपण कधी विसरणार नाही!"

हशा पिकला. दोन-तीन हजार माणसांचा हशा सहा चौकांवरून येतो तेव्हा तो वेगळाच ऐकू येतो. मग टाळ्या. मग ढोलाच्या तालावर मैदान गाऊ लागलं, की घरीच बस, मास्तर, घरीच बस. त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं असेल. माणसं गर्दीत असली की त्यांना आपलं वाईटपणही प्रेमच वाटतं.

अग्निशमनाची गाडी चौकाकडे जाताना त्यांच्या कोपऱ्यावरून जायला हवी होती. ती एक गल्ली आधीच वळली. वर बसलेल्या पोरांचे निळे शर्ट घरांच्या मधून क्षणभर दिसले. मागून मोटारसायकली, व्हॅन, सायकली. त्यातल्या पाच-सात चुकून या गल्लीत शिरल्या.

नेलिदा फाटक उघडून रस्त्याच्या मधोमध गेली. एकोणसाठ वर्षांची बाई, अंगात एप्रन. "आदेल्मो विन्योलो!" ती ओरडली. "दोन्ही कॉर्नर त्याचे होते! आदेल्मो विन्योलो, ऐकताय का? आदेल्मो..."

मोटारसायकलवाले हँडल सोडून खाली हात घालत, हसत, तिला वळसा घालून निघून गेले.

आदेल्मो घरातल्या सपाता घालून धावत बाहेर आला. गुडघा दुखत होता. त्यानं तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"गप्प बस, नेलिदा."

"का गप्प बसू? त्यांना लाज वाटू दे!"

"गप्प बस म्हणतो ना. आजच चढलेत वर." तो गाडी गेली त्या दिशेला बघत होता, आणि आवाज खाली आणून बोलत होता, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. "मार्चमध्ये वरच्या लीगचा पहिला सामना आहे. पोरं कच्ची आहेत अजून. कशाला उगाच नाव घ्यायचं?"

तो चेष्टा करतोय का हे बघायला नेलिदानं मान वळवली. एवढ्या वर्षांत गावात, प्रांतात, सगळ्या देशात या गोष्टीवर विश्वास नसलेली दोनच माणसं होती, आदेल्मो आणि ती. नेलिदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एकटीच आत गेली.